जमिनीवर परतल्यावरचे पहिले दिवस

22 मार्च 1995. रशियन डॉक्टर वालेरी पोल्याकोव 'मीर' या अंतराळ स्थानकावर सलग 437 दिवस राहून परतले आणि यानाच्या कुपीपासून जवळच्या खुर्चीपर्यंत चालत गेले. इतरांना बहुधा उचलून नेलं जातं. मंगळावर उतरलेला माणूस लगेच कामाला लागू शकेल, हे त्यांना दाखवायचं होतं.

ही मोजकी पावलं इतकी अवघड का, याचं पहिलं उत्तर कानात सापडतं. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. मान कलली की गुरुत्वाकर्षणामुळे ते सरकतात आणि डोकं किती झुकलं ते मेंदूला समजतं. कक्षेत फिरताना मान कितीही कलली तरी ते जागेवरून हलत नाहीत. शरीर पुढे-मागे ढकललं गेलं तरच हलतात. मेंदू काही दिवसांत हा नवा हिशेब शिकतो. परतल्यावर तोच हिशेब चुकतो. मान जराशी वाकवली तरी आपण कोलमडतोय असं वाटतं, मळमळतं, डोळे मिटले की तोल जातो. म्हणून सुरुवातीला डोकं सावकाश हलवायचं. पण अजिबात न हलवणंही चूकच, कारण हालचालीशिवाय मेंदूला जुना हिशेब परत शिकता येत नाही.

दुसरी अडचण रक्ताची. वजनरहित अवस्थेत पायांकडचा द्रव छाती-डोक्याकडे चढतो. शरीराला तो जादा वाटतो आणि रक्तातला द्रवभाग घटतो. जमिनीवर उभं राहताच उरलेलं रक्त पायांत उतरतं आणि भोवळ येते. यासाठी उतरण्यापूर्वी मिठाच्या गोळ्या आणि पाणी घेतात. नुसतं पाणी मूत्रपिंडं लवकर बाहेर टाकतात, मिठामुळे ते शरीरात टिकतं. शिवाय पाय-पोट आवळणारा पोशाख असतोच.

सगळ्यात चिवट दुखणं हाडांचं. पुरेसा व्यायाम नसेल तर नितंबाच्या हाडाची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्क्यांनी घटते. स्नायू काही आठवड्यांत सावरतात, हाडं मात्र वर्षभरानंतरही अनेकांची पूर्ववत झालेली नसतात. नासात परतलेल्या अंतराळवीराला 45 दिवस, रोज 2 तास व्यायाम करवतात.

मनासाठी असं वेळापत्रक फार काळ नव्हतं. 1969 मध्ये अपोलो 11 चे अंतराळवीर परतले, तेव्हा चंद्रावरच्या जंतूंच्या भीतीने त्यांना विलगीकरणात ठेवून रोज तपासलं गेलं. मग जगभर सत्कारांचा दौरा झाला. त्यानंतर पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यापैकी बझ ऑल्ड्रिन यांच्यासमोर उभा राहिला. वर्षानुवर्षं प्रत्येक तास एका ध्येयाला बांधलेला होता, ते गाठून झालं होतं आणि त्या तोडीचं दुसरं काम दिसत नव्हतं. नैराश्य आलं, दारू वाढली. ते आजारपण त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं, आणि त्या काळच्या वैमानिकांमध्ये हे फार मोठं धाडस होतं. चंद्राची मोहीम 8 दिवसांत पार पडली होती. दारू सुटली 1978 मध्ये.