नॉर्थ केप: उंच दिसला म्हणून टोक ठरला

नॉर्थ केपला जाऊन आलेल्या माणसाचा फोटो लगेच ओळखू येतो. लोखंडी पट्ट्यांचा पोकळ पृथ्वीगोल, त्याच्या चौथऱ्यावर जाड जाकिटं घालून दाटीवाटीनं उभं असलेलं कुटुंब आणि मागे नुसतं आभाळ. खाली ओळ ठरलेली: ‘युरोपच्या उत्तर टोकावर!’

ते टोक नाही. नॉर्वेतल्या फिनमार्क भागातल्या मागेरोया बेटावरचा हा कडा ७१ अंश १० मिनिटं २१ सेकंद उत्तर अक्षांशावर आहे. त्याच्या पश्चिमेला, त्याच बेटावर, क्निव्हशेलोडेन नावाची खडकाची एक जीभ समुद्रात गेली आहे आणि ती नॉर्थ केपपेक्षा जवळपास दीड किलोमीटर जास्त उत्तरेला पोचते. बरं, बेटं मोजायचीच म्हटलं तर स्वालबार्ड आणि रशियाचा फ्रान्झ जोसेफ द्वीपसमूह कितीतरी वर आहेत. बेटं सोडून फक्त मुख्य भूमी धरली, तर मान जातो पूर्वेकडच्या किन्नारोडेन या भूशिराला. म्हणजे नियम कुठलाही लावा, नॉर्थ केप नापासच. तरी गर्दी तिथेच होते. का, ते समजून घ्यायला समुद्राच्या बाजूनं यावं लागतं.

क्निव्हशेलोडेन बुटकं आहे. खडक उतरत उतरत अलगद पाण्यात शिरतो, आणि जरा धुकं असलं की गलबतावरून तो दिसतही नाही. नॉर्थ केप मात्र पाण्यातून ३०७ मीटर सरळ वर उठतो, आणि माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट. होकायंत्र आणि अंदाज यांच्या भरवशावर गलबत हाकणाऱ्या माणसाला खुणेसाठी असंच काहीतरी लागतं. खुणेचा दगड नेमका उत्तरेला आहे की थोडा अलीकडे, याची त्याला फिकीर नसते.

अशाच एका माणसानं या कड्याला आजचं नाव दिलं. १५५३ साली लंडनहून तीन जहाजं निघाली. दक्षिणेकडून आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेला जाणारी वाट पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, म्हणून उत्तरेकडून वळसा घालून चीन गाठायचा, असा बेत. मोहिमेचा प्रमुख सर ह्यू विलोबी, मुख्य नाविक रिचर्ड चॅन्सेलर. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळानं जहाजांची ताटातूट केली. विलोबी दोन जहाजांसह भरकटत रशियाच्या कोला द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला लागला आणि तिथल्या हिवाळ्यात दोन्ही जहाजांवरची सगळी माणसं मेली. पुढच्या वर्षी रशियन कोळ्यांना ती जहाजं सापडली. तिसरं जहाज ‘एडवर्ड बोनाव्हेंचर’ चॅन्सेलरचं. त्याचा कप्तान स्टीफन बरो यानं वाटेत दिसलेल्या या कड्याचं नाव नोंदवलं: नॉर्थ केप, म्हणजे उत्तरेचं भूशिर. नाव अगदी रोखठोक, कल्पकता शून्य. पण ते इंग्रजी नकाशांत गेलं आणि तिथून सगळीकडे पसरलं.

चॅन्सेलर चीनला पोचला नाहीच. रशियाच्या उत्तरेच्या श्वेत समुद्रातून आत शिरून तो मॉस्कोला, झार इव्हानच्या दरबारात जाऊन पोचला आणि व्यापाराची परवानगी घेऊन परतला. त्यातून १५५५ साली मस्कोव्ही कंपनीला राजसनद मिळाली. अनेक भागधारकांचं भांडवल, राजाची सनद आणि ठरावीक प्रदेशातल्या व्यापाराचा मक्ता, हा साचा इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथे वापरला गेला. १६०० साली त्याच धर्तीवर आणखी एक कंपनी निघाली. तिची पुढे सुरतेला वखार झाली आणि तिच्या राज्याला आपल्याकडे लोक ‘कंपनी सरकार’ म्हणू लागले. फसलेल्या मोहिमेची शेपटी कुठवर पोचावी!

बरोच्या आधी या कड्याला नाव नव्हतं असं मात्र समजू नये. जुन्या नॉर्वेजियन लोकांत तो क्नुस्कानेस होता. बेटावर माणसाचा वावर दहा हजार वर्षांचा आहे. कॉड मासा पकडायचा, थंड वाऱ्यावर सुकवायचा, दक्षिणेला बर्गनच्या व्यापाऱ्यांना विकायचा, यावर इथले कोळी पिढ्यानपिढ्या जगले. इथले मूळ रहिवासी असलेले सामी लोक आपले रेनडिअर उन्हाळी चराईसाठी बेटावर आणत आणि आजही आणतात. कड्याच्या अंगाला शिंगासारखा एक सुळका आहे. तिथे सामी लोक पूर्वी देवाला नैवेद्य ठेवत, असं सांगतात. यातल्या कुणालाच कड्याचं ‘टोक’ असणं महत्त्वाचं वाटायचं कारण नव्हतं. टोक बघायला येतात ते बाहेरचे.

पहिला असा पाहुणा इटलीतल्या राव्हेन्नाचा एक पाद्री, फ्रान्चेस्को नेग्री. व्यापार नाही, धर्मप्रसार नाही, राजाचा हुकूम नाही, केवळ कुतूहलापोटी तो १६६४ साली इथवर आला. याच्या उत्तरेला माणसाची वस्ती नाही, तेव्हा हा जगाचा शेवट आणि माझं कुतूहलही इथे फिटलं, आता घरी जातो, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं आहे. पर्यटकाची इतकी प्रामाणिक कबुली क्वचितच वाचायला मिळते.

मग आले राजे. १७९५ साली म्युलर या खोट्या नावानं एक फ्रेंच तरुण आला. बापाचा गिलोटिनवर शिरच्छेद झालेला, स्वतः परागंदा. हाच पुढे १८३० मध्ये फ्रान्सचा राजा लुई फिलिप झाला. १८७३ साली स्वीडन आणि नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर आला. त्याच्या भेटीची आठवण म्हणून कड्यावर दगडी स्तंभ उभा राहिला. राजा गेला तिथे सावकारांना जावंसं वाटणारच. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, थॉमस कुकच्या इंग्रज प्रवासी कंपनीनं पहिली सहल आणली.

तेव्हाची वारी आजच्यासारखी नव्हती. बोट कड्याच्या पूर्वेला हॉर्नविका या लहानशा खाडीत थांबायची. तिथून लहान होडीनं किनाऱ्याला लागायचं आणि मग नागमोडी पायवाटेनं, दोराचा आधार घेत, तीनशे मीटरची चढण चढायची. पायघोळ झगे घातलेल्या बायका आणि कोट-टोपीतले साहेब धापा टाकत वर येत. वर मध्यरात्रीचा सूर्य, नशीब चांगलं असेल तर. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत इथे सूर्य मावळत नाही हे खरं, पण धुक्याला कॅलेंडर कळत नाही. १९०७ साली सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा चुलालोंगकोर्न आला, तोही समुद्रमार्गेच. त्यानं इथल्या दगडावर आपली अक्षरं कोरली. कड्याच्या पोटात आज त्याच्या नावाचं छोटं थाई संग्रहालय आहे.

१९४३ साली या नावाला वेगळाच अर्थ चिकटला. २६ डिसेंबरला, सूर्य न उगवणाऱ्या दिवसांत, ‘शार्नहोर्स्ट’ ही जर्मन युद्धनौका रशियाकडे निघालेल्या दोस्तांच्या ताफ्यावर चालून गेली आणि ब्रिटिश नौदलानं रडारच्या साहाय्यानं तिला अंधारात गाठून बुडवलं. नौकेवर १,९६८ माणसं होती. वाचली ३६. लढाई झाली कड्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर दूर, खुल्या समुद्रात. तरी इतिहासात ती ‘नॉर्थ केपची लढाई’ म्हणूनच नोंदली गेली. त्या पाण्याला नाव द्यायला जवळपास दुसरं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं फिनमार्क जाळत नेलं. लोकांना सक्तीनं हलवलं, घरं, धक्के, होड्या पेटवल्या. मागेरोयावरचं मुख्य गाव हॉनिंग्सवोग बेचिराख झालं. उभं राहिलं ते एकच, १८८५ सालचं लाकडी चर्च. युद्धानंतर परतलेल्यांनी पहिला निवारा त्यातच घेतला. आज क्रूझमधून उतरणारे प्रवासी गावातून जाताना घरं सगळी एकाच काळातली कशी दिसतात, याचं नवल करतात. कारण हे आहे.

१९५६ साली हॉनिंग्सवोगहून कड्यापर्यंत रस्ता झाला आणि वारीची दिशाच फिरली. आजवर कडा समोर दिसायचा, अंगावर यायचा, मग चढावा लागायचा. आता माणूस मागच्या बाजूनं, बसमधून, सपाट पठारावरच उतरू लागला. कडा पायाखाली गेला, आणि पायाखालचा कडा दिसत नाही. माझ्या मते लोखंडी पृथ्वीगोलाची गरज त्यातूनच पडली. तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस बसवला. बघायला उभं असं तिथे काहीतरी हवंच होतं. १९९९ मध्ये समुद्राखालून जवळपास सात किलोमीटरचा बोगदा झाला. तो पाण्याच्या पातळीखाली २१२ मीटरपर्यंत उतरतो. बेट रस्त्यानं मुख्य भूमीला जोडलं गेलं आणि फेरी बंद झाली. हिवाळ्यात मात्र शेवटचे तेरा किलोमीटर आजही मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. बर्फ हटवणाऱ्या गाडीमागे ताफ्यानं, ठरलेल्या वेळीच निघायचं.

पठारावर येण्याचे पैसे घ्यावेत का, यावर बरीच वर्षं वाद चालला. नॉर्वेत मोकळ्या माळरानावर हिंडण्याचा हक्क सगळ्यांना आहे आणि १९५७ पासून तो कायद्यात आहे. मग कड्याला तिकीट कसलं? सभागृह, पार्किंग यांचा खर्च कुणीतरी द्यायला हवा, ही दुसरी बाजू. दोन्हींत तथ्य आहे.

ज्याला खरंखुरं उत्तर टोक हवं, त्यानं कड्याच्या काही किलोमीटर अलीकडे गाडी सोडावी. तिथून क्निव्हशेलोडेनची पायवाट फुटते. एका बाजूनं नऊ किलोमीटर, दगडधोंडे, ओल, वारा. शेवटी पाण्याच्या जरा वर एक साधी खूण आणि नाव लिहायला वही. तिथे बसून पूर्वेला पाहिलं की खाडीपलीकडे नॉर्थ केप दिसतो, आडवा, काळा, पाण्यातून सरळ उठलेला, साधारण बरोला जहाजावरून दिसला असेल तसा.