अरुणाचलातील विमानांचे अवशेष : शोध लागला, परवानगी अडली

'हंप'वर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या हवाई मार्गावर, पडलेल्या विमानांची बातमी अधूनमधून येते आणि मथळा ठरलेला असतो : हरवलेले विमान सापडले. खरे तर यातली कित्येक विमाने स्थानिक शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. त्यांचा पत्रा उतरवून गावात वापरलाही गेला होता. हरवली होती ती नोंद. कोणते विमान कोणत्या डोंगरावर पडले, हे जुळवणारा कागद कुणाकडे नव्हता.

युद्धकाळाबद्दल थोडक्यात. १९४२ ते १९४५ या काळात छाबुआ, दिंजान, जोरहाट अशा आसामातल्या धावपट्ट्यांवरून चीनमधल्या कुनमिंगकडे सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि त्यापायी सहाशेच्या आसपास विमाने पडली. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा पंखांवर साचणारा बर्फ, विमानाला मार्गावरून भरकटवणारे वारे आणि डोंगरांची उंची धड न सांगणारे नकाशे यांनी जास्त बळी घेतले. १९४५च्या ६ आणि ७ जानेवारीच्या वादळात तर दहाहून अधिक विमाने पडली.

युद्ध संपल्यावर अमेरिकी पथके १९४६-४७मध्ये अवशेष शोधत फिरली. भारतातल्या तात्पुरत्या दफनभूमी रिकाम्या करून मृतदेह हवाई बेटांवर किंवा घरी नेले गेले. ज्यांच्यापर्यंत पोचताच आले नाही त्यांच्या फायलींवर 'परत आणणे अशक्य' अशा अर्थाचा शेरा पडला आणि त्या बंद झाल्या. कायद्याने त्यांना आधीच मृत मानले होते. बेपत्ता होऊन वर्ष उलटले की तसे जाहीर करण्याची मुभा १९४२च्या अमेरिकी कायद्यात होती.  

पुढची जवळपास साठ वर्षे डोंगरात फारसे काही घडले नाही. मग अमेरिकेतल्या अॅरिझोनाचा एक हौशी शोधक स्वतःच्या खर्चाने, गावकरी वाटाडे घेऊन चढू लागला. त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ढिगाऱ्यात आधी इंजिने मोजायची. चार असतील तर लिबरेटर हे बॉम्बर किंवा त्याचे मालवाहू भावंड. दोनच असतील तर इंजिनाच्या सिलिंडरांकडे पाहायचे : चौदा असतील तर सी-४७ हे मालवाहू विमान, अठरा असतील तर सी-४६ हे मालवाहू विमान. शेपटीवरचा क्रमांक शाबूत असेल तर काम सोपे होते, पण तिथेही एक मेख आहे. नोंदवहीतल्या क्रमांकाच्या सुरुवातीचा '४२' शेपटीवर नुसता '२' म्हणून रंगवलेला असतो, पहिला चार गाळून. शेपटी जळालेली असेल तर इंजिनावरची पट्टी शोधायची. १९४३च्या मध्यापासून बेपत्ता विमानांच्या अहवालात इंजिनांचे आणि मशीनगनचेही क्रमांक लिहिले जात. त्याआधीच्या अपघातांना हा आधार नाही.

याच पद्धतीने २००६च्या डिसेंबरात अप्पर सियांगमधल्या दामरोह गावाच्या वर एक लिबरेटर ओळखले गेले. २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून छाबुआकडे येताना ते आठ जणांसह नाहीसे झाले होते. २००८च्या अखेरीस अमेरिकी सरकारी पथक पाहणीला आले. त्यानंतर उत्खनन व्हायचे ते अडकले, आणि खरा वाद इथेच आहे.

दिल्लीने परवानगी का रोखली याचे सविस्तर उत्तर जाहीरपणे दिले गेले नाही. कुटुंबीयांचे म्हणणे सरळ होते : चीनला दुखवायचे नाही म्हणून आमच्या माणसांची हाडे डोंगरावर ठेवली. तारखा पाहिल्या तर या संशयाला आधार मिळतो. २००९मध्ये अरुणाचलातल्या एका प्रकल्पावरून चीनने भारताला आशियाई विकास बँकेकडून मिळणाऱ्या कर्जाला आक्षेप घेतला. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या अरुणाचल दौऱ्यावर आणि दलाई लामांच्या तवांग भेटीवर निषेध झाला. अशा वेळी सीमेलगतच्या जिल्ह्यात अमेरिकी लष्करी माणसे फावडी घेऊन महिनोन्‌महिने तळ ठोकणार, हे कुणाही अधिकाऱ्याला जड गेले असते.

तरीही सरकारची ही बाजू पूर्ण पटत नाही. अरुणाचल आपलाच आहे असे ठामपणे म्हणायचे आणि तिथे मृतांचे अवशेष काढायला मात्र शेजाऱ्याचा चेहरा बघायचा, यात दाव्याला बळकटी येते की उलट, हे त्या वेळी कुणी तपासले असेल असे वाटत नाही. शिवाय अडवणुकीची किंमत दिल्लीने मोजली नाही. ती मोजली बेपत्ता सैनिकांच्या भावंडांनी, जी तोवर ऐंशीच्या पुढे गेली होती. जून २०१२मध्ये अमेरिकी संरक्षणमंत्र्यांनी दिल्लीत परवानगीबद्दल आभारही मानले. दामरोहच्या वर प्रत्यक्ष माती उकरली गेली ती २०१५च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. आभार आणि काम यांत तीन वर्षे का गेली, हा प्रश्न मूळ नकाराइतकाच बोचरा आहे.

१३ एप्रिल २०१६ रोजी अवशेष दिल्लीहून रवाना झाले. त्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याची ओळख पटली आणि २०१७मध्ये जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या गावी दफन झाले. २०२१मध्ये बेपत्तांचे अवशेष शोधण्या-ओळखण्यासाठी अमेरिकेचा गुजरातेतल्या एका न्यायवैद्यक विद्यापीठाशी करार झाला. भारतात बेपत्ता असलेल्या अमेरिकींचा आकडा आजही साडेतीनशे ते चारशेच्या दरम्यान सांगितला जातो, तेव्हा हा करार उशिराच झाला म्हणायचा.

शोधाची जोखीम मात्र कमी झालेली नाही. १९४५च्या जानेवारीत तेरा जणांसह गेलेले एक सी-४६ बर्फाळ माथ्यावर सापडल्याची बातमी २०२२च्या सुरुवातीला आली. शेपटीच्या क्रमांकावरून ओळख पटली. मानवी अवशेष दिसले नाहीत. त्याच शोधाच्या आधीच्या टप्प्यात सप्टेंबरातल्या हिमवादळात गारठून लिसू जमातीचे तीन वाटाडे दगावले होते. बातम्यांत त्यांना मिळालेली जागा एका वाक्याची.

२०२३च्या नोव्हेंबरात पासीघाटला 'हंप'चे संग्रहालय उघडले आणि डोंगरातले सुटे भाग तिथे मांडले गेले. लोकांना इतिहास दिसू लागला हे चांगलेच झाले. पण न उकरलेल्या जागेवरून इंजिनाची पट्टी किंवा शेपटीचा तुकडा आठवण म्हणून खाली आला, तर मागे राहिलेला ढिगारा कोणत्या विमानाचा हे ठरवणे अवघड होते. कोणता भाग कुठून उचलला याची नोंद भाग हलवण्याआधी व्हायला हवी, आणि ती करण्याची जबाबदारी नेमकी कुणाची हे अजून ठरायचे आहे.