टपाली मतपत्रिकेवरची सही जुळवणं (अमेरिका)

अमेरिकेत पोस्टाने आलेल्या मताच्या पाकिटावरची सही आणि त्याच मतदाराची सरकारी दप्तरातली जुनी सही शेजारी शेजारी ठेवून दोन्ही एकाच माणसाच्या आहेत का हे ठरवतात, त्याला सही जुळवणं म्हणतात. जुळली तर पाकीट पुढे जातं. नाही जुळली तर ते बाजूला काढतात, आणि मतदाराने मुदतीत येऊन खुलासा केला नाही तर मत बाद. आपल्याकडे बँकेतून चेक 'सही जुळत नाही' म्हणून परत येतो तसंच हे, पण चेक दुसरा फाडून देता येतो, निवडणूक होऊन गेल्यावर मत पुन्हा कुठून देणार.

या पद्धतीबद्दल काळजी दोन्ही बाजूंनी आहे. काहींना वाटतं की खोट्या सह्या सहज निसटून जातात, तर काहींना वाटतं की खऱ्या माणसाची खरी सही उगाच बाद होते. आजवर कोर्टात आणि तपासण्यांत जे पुढे आलंय त्यात दुसऱ्या प्रकारची उदाहरणं कितीतरी जास्त सापडतात, म्हणून या नोंदीत भर त्यावर आहे.

काम कसं चालतं

ओरेगॉनने १९९८ साली जनमत घेऊन सगळं मतदान पोस्टाने करायचं ठरवलं आणि २००० ची अध्यक्षीय निवडणूक तशी घेतली. पुढे वॉशिंग्टन, कोलोरॅडो, युटा, हवाई, कॅलिफोर्निया अशी राज्यं त्या वाटेने गेली. २०२० मध्ये कोविडमुळे देशातल्या सुमारे ४३ टक्के मतदारांनी पोस्टाने मत दिलं. केंद्रावर निदान समोर माणूस उभा असतो, पोस्टाच्या पाकिटामागे कोण आहे ते दिसत नाही, म्हणून ओळख पटवायला सही. साधारण ३० राज्यं सही जुळवून बघतात. बाकीच्यांपैकी काहींना साक्षीदाराची सही लागते, काहींना नोटरी, काही ठिकाणी लायसन्सचा नंबर.

बाहेरच्या पाकिटावर एक प्रतिज्ञा छापलेली असते आणि खाली सहीची चौकट. पाकीट स्कॅन होतं, काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ऑफिसात कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर वर आजची सही, खाली नोंदणीच्या किंवा ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळची. अक्षरांचा कल, दोन अक्षरांमधलं अंतर, पेन कुठे उचललंय, शेवटचा फराटा कसा ओढलाय हे बघायचं आणि पुढचं पाकीट. एका सहीला बऱ्याचदा काही सेकंदच मिळतात, कारण मागे हजारो पाकिटं थांबलेली असतात. काही काउंट्यांत आधी मशीन बघतं. नेवाडातल्या क्लार्क काउंटीत, म्हणजे लास व्हेगास जिथे आहे तिथे, २०२० मध्ये मशीनने साधारण ३० टक्के सह्या पास केल्या आणि बाकीच्या माणसांनी तपासल्या. त्यावर खटलाही झाला होता, कोर्टाने तो फेटाळला.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. सही पास झाली की पाकीट फोडून आतली मतपत्रिका वेगळी काढतात, आणि मग कुठली मतपत्रिका कुणाची ते कोणालाच सांगता येत नाही, नाहीतर मत गुप्त राहणार कसं. त्यामुळे मोजणी झाल्यावर सह्या पुन्हा तपासल्या तरी एखादं मत वेचून बाहेर काढता येत नाही. जी काय काळजी घ्यायची ती पाकीट फोडायच्या आधीच.

खरी सही का जुळत नाही

लायसन्सच्या ऑफिसात सही कशी घेतात ते बघा. काउंटरवर छोटा काचेचा पॅड, त्याला दोरीने बांधलेली प्लास्टिकची काडी, ती टेकवली तरी रेघ जराशी उशिरा उमटते, मागे रांग, माणूस कसंतरी गिरगटून मोकळा होतो. दहा वर्षांनी तोच माणूस घरी टेबलावर बसून बॉलपेनने पाकिटावर शांतपणे सही करतो, आणि त्याचं मत या दोन सह्या सारख्या दिसण्यावर ठरतं!

त्यात वय वाढतं, संधिवात होतो, पार्किन्सनने हात थरथरतो, पक्षाघातानंतर उजव्या हाताचं काम डाव्याने करावं लागतं, नजर जाते. लग्नानंतर आडनाव बदलतं. नवराबायको एकाच टेबलावर बसून पाकिटं भरतात आणि चुकून एकमेकांच्या पाकिटावर सही करतात. तरुण पोरांची तर वेगळीच गत, त्यांना कागदावर सही करायची वेळच येत नाही त्यामुळे ती पक्की झालेलीच नसते. २०२४ मध्ये नेवाडात हजारो पाकिटं अडकली तेव्हा तिथले सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका बघणारे अधिकारी) फ्रान्सिस्को अग्विलार यांनी हेच कारण सांगितलं होतं.

आपली जी मराठी माणसं तिकडे नागरिक झालीत त्यांनाही हे लागू आहे, खासकरून उतारवयात मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना. जन्मभर देवनागरीत सही केलेली असते, रोमन लिपीतली सही हाताला बसलेली नसते, ती दर वेळी थोडी वेगळीच येते.

आणि तपासणारा हस्ताक्षरतज्ज्ञ नसतो. तज्ज्ञाला एका सहीसाठी बरेच नमुने लागतात, इथे कधीकधी एकच जुना नमुना असतो. २००१ साली छापून आलेल्या एका प्रयोगात साध्या माणसांनी खऱ्या सह्यांपैकी २६ टक्के खोट्या ठरवल्या होत्या, तज्ज्ञांनी ७ टक्के. निवडणूक ऑफिसातले कर्मचारी प्रामाणिक असतात, मेहनत करतात, पण जे काम तज्ज्ञालाही अवघड जातं ते त्यांच्यावर टाकलंय आणि चुकलं की भरपाई मतदाराच्या मतातून होते, हे काही बरोबर नाही.

आकडे

२०२० मध्ये देशभरात आलेल्या टपाली मतांपैकी ०.८ टक्के, म्हणजे साधारण ५ लाख ६० हजार मतं नाकारली गेली, आणि सगळ्यात मोठं कारण होतं सही न जुळणं, जवळपास एक तृतीयांश. टक्का छोटा दिसतो पण तो सगळ्यांवर सारखा पडत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या ऑडिटरने २०२२ मध्ये अहवाल दिला, त्यात २०२० ला कृष्णवर्णीय मतदारांची मतं गोऱ्यांच्या चौपट प्रमाणात नाकारली गेली असं दिसलं, आणि लॅटिनो, मूळ अमेरिकन व आशियाई मतदारांची साधारण दुप्पट. तरुणांचंही जास्त. तपासनीसांनी हजारो सह्या पुन्हा बघितल्या तेव्हा मुद्दाम भेदभाव केल्याचा पुरावा सापडला नाही. पण मनात काही नसताना एवढा फरक पडत असेल तर पद्धतीतच कुठेतरी खोट आहे असं म्हणायला जागा आहे.

कोर्टात काय झालं

न्यू हॅम्पशरमध्ये सही जुळत नाही असं स्थानिक अधिकाऱ्याने ठरवलं की संपलं, मतदाराला कळवायची पद्धत नाही, अपील नाही. कळायचं ते निवडणूक संपल्यावर. दृष्टी जवळजवळ गेलेल्या एका वयस्कर बाईंसह तिघांनी दावा लावला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायाधीश लँडिया मॅककॅफर्टी यांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी जॉर्जियातही कोर्टाने सांगितलं की आधी मतदाराला कळवा, त्याला बोलू द्या, मग नाकारा. कॅलिफोर्नियातही २०१८ मध्येच तसा कायदा झाला, आणि आता तिथे सही खरीच आहे असं धरून चालतात, नाकारायची तर आणखी दोन अधिकाऱ्यांचं एकमत लागतं.

फ्लोरिडाची गोष्ट सगळ्यात बोलकी. पाकीट निवडणुकीच्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत स्वीकारायचे पण सहीची दुरुस्ती आदल्या दिवशी ५ च्या आतच! म्हणजे ज्याचं पाकीट शेवटच्या दिवशी पोचलं त्याला दाद मागायला जागाच नव्हती. २०१८ ला तिथल्या अमेरिकी सिनेटच्या (देशाच्या संसदेचं वरचं सभागृह) लढतीत रिक स्कॉट आणि बिल नेल्सन यांच्यात ८० लाखांवर मतांतून फक्त १० हजारांचा फरक होता, आणि ज्यांची मतं सहीपायी गेली त्यात पॅट्रिक मर्फी नावाचे काँग्रेसचे (म्हणजे अमेरिकी संसदेचे) माजी सदस्यसुद्धा होते. न्यायाधीश मार्क वॉकर यांनी मुदत वाढवून दिली आणि २०१९ च्या कायद्याने निवडणुकीनंतर दोन दिवस मिळायला लागले. पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने तर ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं की राज्याच्या कायद्यात नुसत्या सहीच्या तुलनेवरून मत नाकारायची तरतूदच नाही.

खोट्या सह्यांचं काय

तीही भीती हवेतली नाही. कोलोरॅडोतल्या मेसा काउंटीत २०२४ मध्ये डझनभर मतपत्रिका चोरून भरल्या गेल्या, बहुतेक सहीवरच पकडल्या पण तीन पास होऊन मोजल्या गेल्या. नॉर्थ कॅरोलिनात २०१८ ला टपाली मतं गोळा करण्यातल्या घोटाळ्यामुळे काँग्रेसची एक निवडणूकच पुन्हा घ्यावी लागली. दुसरीकडे जॉर्जियात २०२० नंतर सह्यांवरून प्रचंड गदारोळ झाला म्हणून राज्याच्या तपास यंत्रणेने कॉब काउंटीतली १५,११८ पाकिटं तपासली, बनावट मत एकही निघालं नाही. दोन पाकिटांत चूक होती, एकावर बायकोने नवऱ्याची सही केलेली, दुसऱ्यावर सही भलत्याच जागी.

सहीऐवजी नंबर घ्यावा हाही उपाय झाला. जॉर्जियाने २०२१ मध्ये सही सोडून ओळखपत्राचा नंबर घेतला. टेक्सासनेही नंबर सक्तीचा केला, पण मार्च २०२२ च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) तिथे साधारण १२ टक्के टपाली मतं बाद झाली, बरीचशी नंबर लिहायचा राहिला किंवा नोंदीतल्या नंबरशी जुळला नाही म्हणून. ब्रिटनमध्ये सहीबरोबर जन्मतारीखही जुळवतात, आणि अपंगत्वामुळे ज्याला सही करता येत नाही त्याला सहीतून सूट मिळते, ही सोय चांगली आहे. भारतात टपाली मताबरोबर १३ अ नमुन्यातली घोषणा आणि अधिकाऱ्याचं साक्षांकन लागतं.

दुरुस्तीची संधी

सही अडकली की फोन, पत्र, ईमेल किंवा मेसेज करून मतदाराला कळवायचं आणि तो 'हो, ही माझीच सही' असं लिहून देऊ शकेल, याला तिकडे क्युअर म्हणतात. निम्म्याहून जास्त राज्यांत ही सोय आहे, कोलोरॅडोत निवडणुकीनंतर ८ दिवस मिळतात आणि मोबाइलवरून ओळखपत्राचा फोटो पाठवूनही काम होतं. पण काउंटीकडे मतदाराचा फोन नंबरच नसेल तर पत्र पोचेपर्यंत मुदत संपते, म्हणून नोंदणीत नंबर देऊन ठेवणं फार गरजेचं. सही बदलली असेल तर नोंदणीचा फॉर्म पुन्हा भरून नवा नमुना देता येतो, आणि बऱ्याच राज्यांत आपलं पाकीट स्वीकारलं की अडकलं ते ऑनलाइन दिसतं.