ठासणीची बंदूक, काळी दारू आणि योग्य वंगण

1857 च्या काडतुसांवरची चरबी शाळेत सगळ्यांनीच वाचलेली असते. मुळात काडतुसाला चरबी लावायची कशाला, हे मात्र वर्गात सहसा कुणी विचारत नाही. कोकणात शेतराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याला ते आजही ठाऊक असायला हवं.

ठासणीच्या बंदुकीत भरतात त्या काळ्या दारूत साधारण 75 टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतो. ती जळली की वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असे क्षार तयार होतात. काही धुराबरोबर निघून जातात, उरलेले नळीला चिकटतात. कोरड्या हवेत हे कीट दगडासारखं होतं. 1857 ची ती काडतुसं, म्हणजे दारू आणि गोळीच्या कागदी पुड्या, 1853 च्या एनफिल्ड रायफलीसाठी होती. तीत गोळी नळीच्या तोंडाकडूनच गजाने ठासावी लागे. काही बार झाले की ती आत सरकेना. वंगण हे कीट मऊ ठेवी. नुसती चरबी आपल्या उन्हाळ्यात पातळ होऊन ओघळते, म्हणून 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळणारं मधमाश्यांचं मेण सोबत घालत. मेणात वनस्पती तेल मिसळूनही काम भागलं असतं. जानेवारी 1857 च्या अखेरीस शिपायांना आपल्या पसंतीचं वंगण लावायची मुभा मिळालीसुद्धा, पण तोवर विश्वास उडाला होता. इतक्या साध्या पर्यायाचा विचार आधी झाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हेच क्षार हवेतली ओल शोषतात आणि पोलाद गंजवतात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. लोखंडाला पाणी लावायला माणूस घाबरतो, वरून तेल चोपडतो आणि क्षार तेलाखाली तसेच राहतात. म्हणून बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळी आधी गरम पाण्याने धुवावी, चिंध्यांनी पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेलाचा हात फिरवावा. जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सैन्यासाठी बनवलेलं बॅलिस्टॉल हे तेल इथे चपखल बसतं: ते किंचित अल्कधर्मी आहे आणि पाण्यात मिसळून दुधाळ होतं.

आधुनिक काडतुसाच्या बंदुकीतली बिनधुराची दारू जवळजवळ सगळी वायू होते. तिथे पातळ खनिज किंवा कृत्रिम तेल पुरतं, घासत सरकणाऱ्या भागांना थोडं ग्रीस. जास्त तेल धूळ धरून ठेवतं. थंडीत तेल घट्ट होतं. 1941 च्या हिवाळ्यात रशियात जर्मन सैन्याच्या बंदुका त्यामुळेच अडकल्या.

घरातलं खोबरेल वापरू नये. ते 24 अंशांच्या आसपास गोठतं, हे थंडीतल्या बाटलीत दिसतंच. जवसाचं तेल तर हवेत सुकून कडक पापुद्रा धरतं. तैलरंगात ते याच गुणासाठी घालतात.

पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि तेलाचा थर कितीही चांगला असला तरी खालून गंज सुरू होतो. कोरड्या कपाटात, कुलपात ठेवा, दर आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसा आणि बार काढण्यापूर्वी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने टिपून घ्या.