धुरीची कैरी-चटणी कडू का होते?

भाजलेल्या कैरीचा गर आणि करवंटीचा कोळसा नेणाऱ्या ग्राहकांसाठी

हंगाम सुरू झाला की एकच फोन पुन्हा पुन्हा येतो: “रंग छान आला, गोडीही जमली, पण चटणी मागून कडवट लागते. गर खराब होता का?” गर खराब नसतो, धुरी चुकलेली असते. आणि हा कडवटपणा एकदा उतरला की गूळ वाढवूनही जात नाही, अख्खा घाणा वाया जातो.

चटणी आटवणं बहुतेकांना येतंच. 1 किलो गराला 700 ग्रॅम गूळ, 2 चमचे मीठ, 1 चमचा सुंठ, बेडगीचं तिखट आपल्या बेताने. भांडं स्टीलचंच घ्या. थंड बशीत थेंब टाकून बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही की गॅस बंद. तेव्हा ती जरा पातळ दिसेल, पण कैरीत पेक्टिन असतं, निवल्यावर घट्ट होते.

चूक होते ती यानंतर. पातेलं उतरवल्या उतरवल्या, वाफ निघत असतानाच निखारा ठेवून झाकण लावलं जातं. वाफेचं पाणी झाकणाला जमतं, धुराचा डांबरी अंश त्यात उतरतो आणि तेच पाणी चटणीत ठिबकतं. काचेचं झाकण लावून पाहा, आतून चहाच्या रंगाचे थेंब लोंबताना दिसतील. कडू लागतात ते हे थेंब.

म्हणून चटणी आधी कोमट होऊ द्या. पातेल्यावर तळहात धरला तर ओल लागता कामा नये. निखारा सगळीकडून लाल होऊन वर पांढरी राख धरेपर्यंत पेटवा; मध्ये काळा राहिला तर कच्चा धूर सोडतो. राख फुंका, निखारा वाटीत घालून ती चटणीच्या मधोमध ठेवा, वर अर्धा चमचा तूप सोडा आणि कोरडं झाकण लावा. 4 मिनिटं पुरे. धुरी जास्त हवी असेल तर झाकण पुसून नव्या निखाऱ्याची दुसरी धुरी द्या, पहिलीच लांबवू नका. खिडकी उघडी ठेवा आणि निखारा पाण्यात विझवूनच टाका.

आमचा कोळसा महाग का, असंही विचारतात. झटपट पेटणाऱ्या वड्यांमध्ये पेटवण्यासाठी रसायन घातलेलं असतं, त्याचा वास अन्नाला लागतो. करवंटीचा कोळसा पेटायला वेळ घेतो, पण नीट पेटला की स्वतः फारसा धूर करत नाही. आपल्याला धूर हवा असतो तो तुपाचा. धुराचं इसेन्स आम्ही तयार चटणीतही घालत नाही, त्यामुळे आमच्या बरणीचा वास सौम्य वाटेल. घरी करवंट्यांचा कोळसा होत असेल तर आमचा घेऊ नका, तोही तितकाच चांगला.

सँडविचसाठी पावाला आधी कडेपर्यंत लोणी लावा, मग चटणी. नाहीतर पाव ओला होतो. दुसऱ्या स्लाइसला हिरवी चटणी, मध्ये उकडलेला बटाटा, कांदा आणि चीज. बीट मात्र नको, गोडावर गोड होतं.

चटणी कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रीजमध्येच ठेवा. जॅमएवढी साखर यात नसते, बाहेर टिकणार नाही. गोठवलेला गर आमच्याकडे पावसाळ्यातही अर्ध्या किलोच्या पाकिटात मिळतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी एकच पाकीट न्यावं.