मलालाच्या आत्मकथनामागचे स्वात संस्थान

मलाला युसुफझाईचे ‘आय ॲम मलाला’ हे आत्मकथन वर्गात अभ्यासाला घेतले की चर्चा बहुधा ९ ऑक्टोबर २०१२ या एकाच दिवसाभोवती फिरते. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात, मिंगोरा गावी, शाळेची गाडी अडवली गेली, पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात गोळी घातली गेली. तिथे मन अडकणारच. पण या पुस्तकाचे मूळ बरेच मागे आहे, आणि कोल्हापूरच्या वाचकाला ते चटकन कळेल असे मला वाटते. कारण स्वात हेही एक संस्थान होते.

मियांगुल अब्दुल वदूद यांना १९१७ मध्ये जिरग्याने, म्हणजे टोळीप्रमुखांच्या सभेने, स्वातचा राज्यकर्ता म्हणून निवडले. त्याच साली शाहू महाराजांनी करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९४९ मध्ये करवीर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी स्वातमध्ये वदूद यांनी गादी मुलाला, मियांगुल जहानजेब यांना दिली. जहानजेब यांनी शाळा, दवाखाने, रस्ते यांवर मनापासून खर्च केला. संस्थानची राजधानी सैदू शरीफ इथले जहानजेब कॉलेज १९५२ चे. मुलींच्या शाळाही त्यांच्या काळात वाढल्या. म्हणजे स्वातच्या मुलींना शाळा ठाऊकच नव्हती, असे समजून पुस्तक वाचले तर त्यातले दुःख निम्मेच हाती लागते. असलेली शाळा हिरावली गेल्याची ही कथा आहे.

१९६९ मध्ये स्वात पाकिस्तानात पूर्ण विलीन झाले. संस्थानी काळी झटपट निकाली निघणारे तंटे सरकारी कोर्टांत वर्षानुवर्षे रखडू लागले. त्या असंतोषावर सुफी मोहम्मद यांची शरियतची चळवळ पोसली गेली आणि १९९४ मध्ये तिचा उठाव झाला. त्यांचा जावई फजलुल्लाह, पुढे स्वातमधल्या तालिबानचा म्होरक्या. २००५ च्या भूकंपानंतर तो एफएम रेडिओवरून लोकांना सांगू लागला की हा देवाचा कोप आहे. सुरुवातीला बायकांनी त्याला अंगावरचे दागिने काढून दिले. पुढे शाळा सोडणाऱ्या मुलींची नावे घेऊन तो रेडिओवर अभिनंदन करू लागला. शेकडो शाळा पाडल्या गेल्या. १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद, असे फर्मान निघाले. त्याआधीच्या दिवसांत अकरा वर्षांची मलाला ‘गुल मकई’ या नावाने बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी सांगत होती.

या मुलीमागे वडील झियाउद्दीन होते. ते स्वतः शाळा चालवत. शाळेला नाव दिले होते खुशालखान खटक या पश्तो कवीचे. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती आई, तोर पेकाई. लहानपणी तिने पाटीपुस्तक सोडले ते सोडलेच. मुलीला गोळी लागली त्याच दिवशी ती लिहावाचायला शिकू लागणार होती. वर्गात या प्रसंगावर थांबायला हवे.

आपल्याकडची गोष्ट शेजारी ठेवली की अभ्यासाला धार येते. करवीरमध्ये मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकरांकडे होती. त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली आणि अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे कोल्हापूरच्या आजच्या सीपीआर रुग्णालयात, रुजू झाली. १९१८ मध्ये शाहू महाराजांचे पुत्र, राजपुत्र शिवाजी महाराज गेले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. राजवाड्यातला विरोध पत्करून शाहू महाराजांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळीला सुनेच्या शिक्षणाची सोय केली. महाराज १९२२ मध्ये वारले, तरी इंदुमतीदेवींनी अभ्यास सोडला नाही आणि १९२५ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. पाठीशी उभा असलेला माणूस गेल्यावर शिक्षण टिकते का, हा प्रश्न मलालाच्या पुस्तकात पानोपानी आहे, आणि त्याचे एक उत्तर इथे सोनतळीत मिळते.

मलालाला २०१४ चे शांततेचे नोबेल कैलाश सत्यार्थी यांच्यासोबत मिळाले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. बक्षिसाच्या पैशातून शांगला जिल्ह्यात, वडिलांच्या मूळ मुलखात, मुलींची शाळा उभी राहिली. ती २०१८ मध्ये सुरू झाली.