रोहू की मृगळ? आधी ओठ बघा, मग गळ टाका

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर आमची चौघांची रविवारची पैज असते. सूर्य बुडेपर्यंत ज्याच्या रोहूचं वजन जास्त, त्याला मिसळ फुकट. फक्त रोहूच मोजायचा हा नियम माझाच. एकदा दोन किलोच्या वरचा मासा काढून मी ऐटीत काट्याला लावला. शेजारी जाळं सांधत बसलेले एक मामा उठून आले, अंगठ्याने माशाचा खालचा ओठ दाबला आणि म्हणाले, "भाऊ, ओठ कुठंय याला? मृगळ हाये हा." मिसळीचे पैसे मीच दिले, तर्री दोनदा मागवली गेली.

वरवर पाहिलं तर चूक माफ आहे. दोघंही लांबट, रुपेरी, पाठीला काळपट. अंगाच्या मधल्या रेषेवरचे खवले मोजायला जाल तर दोघांचे साधारण ४० ते ४५, म्हणजे तिथेही काही हाती लागत नाही. खवल्यांवर तांबूस झाक असेल तर तो रोहू असं सांगतात. ती झाक बऱ्याचदा असते, पण गढूळ पाण्यातला रोहू फिकटही निघतो, त्यामुळे रंगावर पैज लावू नये.

तोंड मात्र फसवत नाही. रोहूचं तोंड लहान, किंचित खाली वळलेलं. ओठ जाड आणि खालच्या ओठाची कड झालरीसारखी कातरलेली. बोट फिरवलं की ती खरखर लगेच कळते. मृगळाचं तोंड रुंद, थुथनी बोथट, वरचा ओठ पातळ, आणि खालचा ओठ जवळजवळ नाहीच. दोघांनाही बारीक मिश्या असतात, पण त्या शोधत बसलात तर मासा हातातून सुटेल. (कटला या तिसऱ्या माशाचा घोळ होत नाही. मोठं डोकं, वर उघडणारं तोंड आणि मिशी अजिबात नाही.)

ही ओठाची गोष्ट बाजारात उपयोगी पडतेच, कारण रोहू म्हणून मृगळ गळ्यात मारणारे विक्रेते मलाही भेटलेत. पण गळवाल्याला ती त्याहून जास्त उपयोगी. झालरीच्या ओठाने रोहू दगडावरचं, बुडालेल्या खोडावरचं शेवाळ खरवडतो आणि पाण्याच्या मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी असतो, गाळातलं कुजकं-नासकं खातो. म्हणजे एकाच जागी बसलात तरी दोघांसाठी गळ दोन वेगळ्या उंचीवर लागतो. माझी मोठी चूक हीच होती. आमिष तळाला टेकवून मी रोहूची वाट बघत होतो आणि मृगळच येत होते.

रोहूसाठी मी मोरपिसाच्या देठाचा तरंगा वापरतो. आधी गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, शिशाचा तुकडा लावून खोली मोजायची, मग तरंगा असा सरकवायचा की आमिष तळापासून वीत-दीड वीत वर लटकेल. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बारीक घ्या. ०.३० मिलिमीटरचा पुरतो, जाड दोरा रोहूला खटकतो असं माझं मत. गरीही लहान, कारण तोंडच लहान. आमिष म्हणजे कणकेत थोडं भाजलेल्या डाळीचं पीठ मळून हरभऱ्याएवढी गोळी. मिसळीबरोबरचा उरलेला पावही चालतो, आणि नाशिकमध्ये तो कधी कमी पडत नाही. रोहू आधी चाखतो. तरंगा थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. तेव्हा हिसका दिलात तर गोळी मोकळी वर येते. तरंगा तिरका होऊन चालू लागला की मनगटानेच हलका झटका द्यायचा.

जागा शोधायची ती मे महिन्यात. पाणी उतरलेलं असतं, तेव्हा काठाने चालत जा आणि उघडे पडलेले दगड, बाभळीची खोडं कुठे आहेत ते डोक्यात ठेवा. धरण भरल्यावर रोहू तिथेच चरायला येतो.

मृगळाला एवढे लाड लागत नाहीत. दोऱ्याला बांधलेल्या तारेच्या स्प्रिंगमध्ये शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा दाबून भरायचा, भोवती दोन-तीन गऱ्या, आणि सगळं तळाशी टेकवून द्यायचं. पेंड विरघळत पसरते, मृगळ वासावर येतो. गांडूळही घेतो. तरंगा लावूनच खेळायचं असेल तर शिसं तळाला टेकेल असं ठेवा. इथे नवे लोक फसतात: मृगळ आमिष उचलतो तेव्हा शिसंही उचललं जातं, आणि तरंगा बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. तो बुडायची वाट बघत बसलात तर संपलं. आडवा पडला, की ओढा.

हे दोघं मुळात उत्तरेकडच्या नद्यांचे. गोदावरीच्या धरणांत ते बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडून आणले गेले. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी मिळवली, तेव्हापासून बीज हुकमी तयार होऊ लागलं. थर वेगळे म्हणून कटला, रोहू, मृगळ एकाच तळ्यात सोडतात, आणि आपली ओळखीची पंचाईत तिथूनच सुरू होते.

परवानगीचं थोडक्यात: धरणांतली मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे जाते, आधी त्यांना विचारा. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, तिकडे दुर्बीण न्या, गळ नको. मासा सोडायचा असेल तर हात आणि गोणपाट आधी ओलं करून घ्या.

आमच्या पैजेचा नियम आता बदललाय. रोहू-मृगळ सगळं धरून एकूण वजन. पाचवी काठी मामांची, आणि ते आले की मिसळीचे पैसे आम्ही चौघं वाटून भरतो.